दोन वर्षांचं मूल बोलत नाही : घरी काय करायचं आणि कशासाठी थांबायचं नाही

काही वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा आला. हजेरीत नाव पुकारलं की तो शेजारच्या मुलाकडे बघायचा, त्याने कोपर मारलं की मग उभा राहायचा. बोलणं तुटक, 'स' आणि 'श' तर तोंडात नव्हतेच. आई म्हणाली, लाजतो. दादी म्हणाली, "इसके अब्बा भी चार साल के होके बोले." मीही पहिले दोन महिने त्याला लाजाळूच समजले, हे कबूल करते. मग तपासणी झाली तेव्हा कळलं की दोन्ही कानांनी त्याला कमी ऐकू येतं. कानाचं मशीन लागलं तेव्हा तो सात वर्षांचा झाला होता. दोन वर्षांचा असताना हे कळलं असतं तर पहिलीत तो बाकीच्या मुलांसारखाच आला असता.

ज्या घरात दीड-दोन-अडीच वर्षांचं मूल आहे, सगळं समजतं असं वाटतं, पण बोलत नाही, त्या घरासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांतल्या मुलांबरोबर वीसेक वर्षं गेली आहेत. घरी करण्यासारखं खूप आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पण घरचे उपाय आणि तपासणी दोन्ही एकाच वेळी सुरू व्हायला हवेत. "आधी घरी सहा महिने बघू" म्हणणाऱ्यांचे सहा महिने पुष्कळदा दोन वर्षं होतात.

कोणत्या वयाला किती

प्रत्येक मूल आपल्या चालीने वाढतं, हे खरं. तरीही काही खुणा आहेत. नऊ-दहा महिन्यांचं बाळ "बाबाबा, दादादा" असा आवाज काढतं. वर्षाचं झालं की नावाने हाक मारल्यावर वळतं, बोट दाखवतं, टाटा करतं, आणि वर्ष ते सव्वा वर्षात एखाद-दुसरा अर्थाचा शब्द येतो. दीड वर्षाला दहा-वीस शब्द असतात. दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द आणि दोन शब्दांची जोडी सुरू होते : "अम्मी आव", "दूध दे", "बॉल गेला". तीन वर्षांना तीन-चार शब्दांची वाक्यं येतात आणि बाहेरच्या माणसालाही बरंचसं बोलणं कळतं.

शब्द मोजताना कंजूषी करू नका. पाण्याला रोज "मम" म्हणत असेल तर तो शब्दच आहे. बकरीला "बेंऽ" म्हणत असेल तर तोही धरा. उर्दूतले, मराठीतले, कोकणीतले सगळे एकत्र मोजा.

आता कशासाठी थांबायचं नाही ते सांगते. वर्ष होऊनही आवाज काढत नाही, बोट दाखवत नाही. सव्वा-दीड वर्षाला एकही शब्द नाही. दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही. हाक मारली तर वळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधी जे शब्द येत होते ते गेले. हे शेवटचं कोणत्याही वयात दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं तीन-चार वर्षांपर्यंत इतरांना गाठतात, यात शंका नाही. घराण्यातल्या ज्या काकाचं किंवा मामूचं उदाहरण दिलं जातं, तो त्यातलाच. पण कोणतं मूल गाठणार आणि कोणतं मागे राहणार, हे घरात बसून ओळखता येत नाही. अडचण एवढीच आहे.

पहिला प्रश्न कानाचा

बोलत नाही म्हटलं की सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे जातं. कोणी जीभ बघतं, कोणी टाळू. बघायचा असतो कान. मूल ऐकतं ते बोलतं.

घरी आपण काय करतो? मागे उभं राहून टाळी वाजवतो. मूल वळलं की, "सुनता है, सब सुनता है." ही परीक्षा फसवी आहे. टाळीची हवा लागते, सावली दिसते, समोरच्या माणसाचे डोळे हलतात, आणि मूल वळतं. शिवाय ऐकू येणं हे बटण नाही, चालू किंवा बंद असं नसतं. दार आपटलेलं, कुकरची शिट्टी, वरातीतला ढोल ऐकू येईल, पण 'स', 'श', 'फ' असे बारीक आवाज येणार नाहीत. वर सांगितलेल्या मुलाचं असंच होतं. अज़ान झाली की तो दाराकडे धावायचा, म्हणून घरात कोणाला कधी शंकाच आली नाही.

वारंवार सर्दी होणाऱ्या, कान फुटणाऱ्या मुलांमध्ये पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. यावर उपचार आहेत. जन्मतः ऐकू कमी येत असेल तर त्यासाठी ओएई आणि बेरा अशा दोन तपासण्या आहेत. ओएईमध्ये कानात छोटीशी नळी ठेवतात, काही मिनिटांत होते. बेरा मूल झोपलेलं असताना करतात. दोन्हीत दुखत नाही, आणि अगदी तान्ह्या बाळाचीही करता येते. "तो अजून बोलत नाही, मग ऐकतो की नाही ते सांगणार कसं?" असं मला पालक विचारतात. मुलाने काही सांगावं लागतच नाही, मशीन सांगतं.

इथे एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे चुलत-मामे भावंडांत लग्नं होतात. अशा जोडप्यांची बहुतेक मुलं निरोगीच असतात, पण जन्मजात बहिरेपणाची शक्यता अशा घरांत इतरांपेक्षा जास्त असते, हे वैद्यकशास्त्र सांगतं. यात लाज किंवा दोष काढण्यासारखं काही नाही. फक्त अशा घरात, किंवा घराण्यात आधी कोणाला कमी ऐकू येत असेल तर, बाळाच्या कानाची तपासणी बोलण्याची वाट न बघता करून घ्यावी.

घरी काय करायचं

यासाठी वेगळा "अभ्यासाचा तास" नको. दोन वर्षांच्या मुलाला समोर बसवून "बोल बेटा, ॲपल बोल" केलं की ते उठून पळतं. अंघोळ, जेवण, कपडे, अंगणातलं खेळणं, दुकानापर्यंतचा रस्ता, हे सगळं रोज होतंच. त्यातच बोलायचं.

खाली बसा. तुमचं तोंड त्याच्या डोळ्यांसमोर यायला हवं. स्वयंपाक करता करता पाठमोरं बोललेलं त्याच्यापर्यंत निम्मंच पोचतं. टीव्ही चालू असेल तर तेवढंही नाही.

ते ज्या गोष्टीकडे बघतंय त्याबद्दल बोला, तुम्हाला शिकवायचंय त्याबद्दल नाही. मांजर दिसली आणि ते मांजरीकडे बघतंय, तर त्या क्षणी रंगांचा तक्ता नको. "बिल्ली! बिल्ली आली. बिल्ली गेली." पुरे. वाक्यं छोटी ठेवा आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येऊ द्या. अंघोळीला रोज "पानी... गरम पानी... हात धू... पाय धू... झालं!" असंच म्हटलं तरी चालेल. आपल्याला कंटाळा येतो, मुलाला येत नाही.

प्रश्न कमी करा. "हे काय? हा कोण? गाय कशी करते?" असा दिवसभर मारा झाला की मूल गप्प होतं. मोठ्या वर्गातही हेच होतं, म्हणून मला ते चांगलं ठाऊक आहे. प्रश्नाऐवजी सांगा.

मग थांबा. सगळ्यांत अवघड हेच आहे. एक वाक्य बोलून मनात दहापर्यंत मोजा आणि मुलाकडे अपेक्षेने बघा. आपण दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देतो, म्हणून त्याची पाळी येतच नाही. थांबल्यावर ते बोट दाखवेल, आवाज काढेल, तुमचा हात ओढेल. ते त्याचं बोलणंच आहे. तेवढ्यावर लगेच वस्तू द्या आणि शब्द तुम्ही म्हणा.

एकत्र कुटुंबात हे आणखी कठीण. दादी, फुफी, मोठी बहीण, सगळ्यांना मुलाची नजर कळते. त्याने फ्रिजकडे पाहिलं की दूध हजर. इतकी सोय असेल तर बोलायची गरजच काय? यासाठी गरज थोडी निर्माण करायची. आवडतं बिस्कीट झाकण घट्ट असलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा, म्हणजे दिसेल पण उघडणार नाही. ते डबा घेऊन तुमच्याकडे येईल. "खोल? खोल दूं?" म्हणा, थांबा, उघडून द्या. बिस्कीट एकदम चार देऊ नका, एक द्या. पुन्हा येईल तेव्हा "और" किंवा "अजून" म्हणायची संधी मिळते. चप्पल घालताना एकच घाला आणि उठा. मूल दुसऱ्या पायाकडे बघेल, हसेल, काहीतरी म्हणेल.

पण "पाणी म्हण, तरच पाणी देईन" असं कधीही करू नका. तहानलेल्या मुलाला अडवून ठेवणं हा उपाय नाही, ते रडायला शिकतं एवढंच. संधी द्यायची, अट नाही घालायची.

निवडायला द्या. एका हातात केळं, दुसऱ्यात चिकू. "केळं का चिकू?" हात पुढे केला तरी चालेल, पण दोन्ही शब्द त्याच्या कानावर गेले.

मुलाने एक शब्द म्हटला की त्यात एकाची भर घाला. ते म्हणालं "गाडी", तुम्ही म्हणा "बडी गाडी" किंवा "गाडी गेली". चुकीचं बोललं तर सुधारू नका, फक्त बरोबर शब्द पुन्हा म्हणा. "ताय" म्हणालं तर "हो, चाय! गरम चाय." त्याला "नाही, ताय नाही, नीट बोल" असं ऐकवलं की पुढच्या वेळी ते गप्प बसतं. आणि पाहुण्यांसमोर "बोलून दाखव" हा कार्यक्रम तर बंदच करा.

पहिले शब्द कोणते? रंग, आकडे, एबीसीडी नकोत. कामाला येणारे शब्द हवेत : दे, ये, नको, अजून, उघड, वर, संपलं, अम्मी, अब्बा, दूध, बाहेर. ज्या शब्दाने लगेच काही मिळतं तो शब्द मूल आधी उचलतं.

बोटं आणि हातवारे वापरू द्या. "इशारे केले तर बोलणार नाही" ही भीती निराधार आहे, उलट इशारे करणारी मुलं शब्दांकडे लवकर येतात. सलामासाठी हात उचलणं, टाटा, "दे"साठी तळहात पसरणं, जेवणासाठी तोंडाकडे हात नेणं, हे सगळं शब्दासोबत दाखवा. बुवा-कुक खेळा. पाठ असलेल्या बडबडगीताचा शेवटचा शब्द सोडून द्या आणि बघत राहा. पुष्कळ मुलांचा पहिला शब्द असाच रिकाम्या जागेत पडतो.

महागडी खेळणी लागत नाहीत. घरातल्या माणसांचे आठ-दहा फोटो छापून एक छोटा अल्बम करा. ही नानी, हे मामू, ही खाला, ही आपली बकरी. रोज रात्री पाच मिनिटं त्यात बघायचं. शिट्ट्या फुंकायला लावणं, मेणबत्ती विझवायला लावणं असे तोंडाचे व्यायाम काहीजण सांगतात. मजा म्हणून करा, पण फुंकर मारण्याने शब्द येत नाहीत.

दिवसातून तीन-चार वेळा दहा दहा मिनिटं असं ठरवून केलं तरी खूप झालं. आणि हे एकट्या आईचं काम नाही. अब्बा कामावरून आल्यावर दहा मिनिटं जमिनीवर बसले तर त्याचा परिणाम वेगळाच होतो.

मोबाइलचं काय

घासागणिक मोबाइल, ही आता घराघरातली गोष्ट आहे. कोणाला नावं ठेवत नाही. एकटी बाई, हाताशी कोणी नाही, स्वयंपाक बाकी, मग ती काय करणार? तरी माहीत असलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन देऊच नये आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही दोन वर्षांखाली 'नाही' असंच म्हणणं आहे.

पडदा मुलाच्या उत्तराची वाट बघत नाही. मूल काही म्हणो न म्हणो, कार्टून पुढे जातं. काही मुलं इंग्रजी आकडे वीसपर्यंत म्हणतात, सगळे कौतुक करतात, पण तहान लागली तर "पानी" म्हणत नाहीत. ते पाठांतर आहे, बोलणं नव्हे. एकदम बंद करणं जमत नसेल तर जेवणाच्या वेळेपासून सुरुवात करा. पहिले चार-पाच दिवस रडारड होते, मग निवळते. मात्र सगळा दोष मोबाइलवर टाकून कानाची तपासणी टाळू नका. मोबाइल काढला आणि तरी बोललं नाही, अशीही मुलं आहेत.

घरात दोन भाषा

"घरी उर्दू, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून गोंधळलाय. एकच भाषा ठेवा." हा सल्ला शेजारी देतात, आणि वाईट वाटतं की काही शिक्षकही देतात. दोन भाषा ऐकल्याने मूल बोलायला उशीर करत नाही. ज्याला अडचण आहे त्याला ती एका भाषेतही असती. मूल सुरुवातीला मिसळून बोलतं, "पाणी चाहिए" म्हणतं, ते आपणही म्हणतोच की.

जी भाषा तुमच्या तोंडात सहज येते तीच बोला, दखनी असो, कोकणी असो, मराठी असो. शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अम्मी-अब्बांनी मोडक्या इंग्रजीत "कम, सिट, ईट" सुरू केलं की मुलाला भाषा न मिळता फक्त हुकूम मिळतात. लाड, गोष्ट, रागावणं, गंमत हे आपल्याच भाषेत होतं.

दम, तावीज, चिमणीचं पाणी

जवळपास प्रत्येक घरात यातलं काहीतरी झालेलं असतं. दुआ करा, पढून दम करा, त्यावर माझं काही म्हणणं नाही, ते आपल्या दिलाच्या आधारासाठी असतं. फक्त त्यामुळे डॉक्टरांची तारीख चुकता कामा नये. चिमणीचं उष्टं पाणी पाजल्याने मूल बोलतं ही समजूत आपल्याकडेही आहे आणि शेजारच्या हिंदू घरांतही आहे. पक्ष्याच्या उष्ट्या पाण्यातून मिळालाच तर आजार मिळेल. वेखंड उगाळून जिभेला लावणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

"जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या" हेही ऐकू येतं. जिभेखालची शीर आखूड असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो. पण मूल शब्दच बोलत नाही याचं कारण सहसा ते नसतं. आधी कान, मग बाकीचं.

आणि आईला बोल लावणं थांबवा. "तूच बोलत नाहीस त्याच्याशी", "तुझ्या माहेरचं आहे" असं ऐकून बायका मुलाला दाखवायला न्यायलाच घाबरतात.

फक्त बोलण्याचं आहे का आणखी काही

मूल बोलत नाही, पण बोट दाखवून वस्तू मागतं, काही गंमत दिसली की तुम्हाला ओढून नेतं, तुमच्या चेहऱ्याकडे बघून हसतं, "जूते ला" म्हटलं की आणतं, तर हे चांगलं लक्षण आहे. याउलट हाक मारल्यावर बघत नाही, काही दाखवायला आणत नाही, तासन्‌तास चाक फिरवत बसतं, हात फडफडवतं, तर ऑटिझमची तपासणी करून घ्यावी. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली असते, बालरोगतज्ज्ञ ती भरून घेतात. त्यात शंका दिसली म्हणजे शिक्का बसला असं नाही, पुढे बघायला हवं एवढाच अर्थ. नावाला घाबरून तीन वर्षं घालवलेली घरं मी पाहिली आहेत. मदत लवकर मिळालेली मुलं वर्गात लगेच ओळखू येतात.

कुठे जायचं

पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञ, मग कान-नाक-घसा आणि ऑडिओलॉजिस्ट, मग स्पीच थेरपिस्ट. खासगीत खर्च येतो, म्हणून सरकारी वाट माहीत असू द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत असते, त्यात ऐकणं आणि बोलण्यातला उशीर हेही येतं. म्हणून मुलाचं नाव अंगणवाडीत नोंदवलेलं असू द्या, तिथला खाऊ आणायला जात नसाल तरी. पथकाची वाट बघायची नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीच्या केंद्राची चौकशी करा.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ सालची. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. ऐकणं आणि बोलणं हेच तिथलं काम. तपासणी, थेरपी, मशीन सगळं एका जागी. गरजू कुटुंबांसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कानाचं मशीन मिळतं, आणि निवडक मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही मदत होते. इम्प्लांटमध्ये वय फार महत्त्वाचं असतं, पाच वर्षांनंतर दारं मिटत जातात.

शाळेबद्दलही सांगते. बोलता येत नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारणं कायद्याला धरून नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऐकण्याची आणि वाचा-भाषेची अडचण दोन्ही आहेत. मुलाला खरंच कायमची अडचण असेल तर यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. "लग्नाच्या वेळी अडचण होईल" म्हणून कार्ड न काढणारे आईबाप, विशेषतः मुलींचे, मला दरवर्षी भेटतात.

डॉक्टरकडे जाताना एक छोटी वही न्या. त्यात मुलाला येणारे सगळे शब्द, जसे म्हणतं तसे लिहा. समजणारे हुकूम लिहा. जन्म किती महिन्यांचा, कावीळ झाली होती का, काचेत ठेवलं होतं का, कान कधी फुटला, घराण्यात कोणाला कमी ऐकू येतं, हेही लिहा. आणि घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात मूल अम्मीच्या ओढणीत तोंड लपवून बसतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. मोबाइलचा हा एक उपयोग मला मान्य आहे.